तापाला रकाना नाही

लोणावळा-खंडाळ्याचं बरंचसं भाग्य दुसऱ्यांच्या आजारपणातून उजळलेलं आहे. डॉक्टर मंडळी गोळ्यांबरोबर हवाही लिहून द्यायची त्या काळात मुंबईचा खोकला आणि पुण्याचा अशक्तपणा इथे हवापालटाला यायचा. बंगले, बंगल्यांचे व्हरांडे आणि व्हरांड्यांतल्या आरामखुर्च्या, सगळं 'जरा बरं वाटेपर्यंत राहू' या एका वाक्यातून उभं राहिलं. खाली तळेगावात एका जुन्या रुग्णालयाच्या नावातच 'कॉन्व्हलेसंट होम' आहे. म्हणजे ताप उतरला की माणसाने लगेच स्वतःला कामाला जुंपायचं नसतं, मध्ये चार दिवस पडून राहायचं असतं, हा विचार मावळात पाटीवर रंगवून ठेवलेला आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम हा योगाश्रम काढला तोही लोणावळ्यातच. आता हवापालटाची जागा वीकएंडने घेतली आणि खोकल्याची जागा सिक लीव्हने. सोमवारी सकाळी आठ वाजता हिंजवडीच्या एखाद्या पोटात कळ येते, साहेबांना मेसेज जातो, दहा वाजता ती कळ एक्स्प्रेसवेला लागते, वाटेत वडापाव खाते आणि दुपारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाण्यात बसून ठणठणीत बरी होते. पगार पुरा मिळतो. मिळू दे, माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते त्या पायऱ्यांपर्यंत पोचायच्या आधी कढईसमोर उभं राहून कांदाभजी तळणाऱ्याबद्दल आणि हॉटेलात चादरी बदलणाऱ्या बाईबद्दल. त्याच सोमवारी त्यांना खरीखुरी कळ आली, तर त्यांचा खाडा पडतो.

हा खाडा नावाचा शब्द नीट पाहण्यासारखा आहे. माणूस आला नाही, एवढंच तो सांगतो. का आला नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. हजेरीपटावर प्रत्येक तारखेला एक चौकोन असतो, आणि त्या चौकोनात हजरचा 'पी', गैरहजरचा 'ए', साप्ताहिक सुट्टीचा 'डब्ल्यूओ' किंवा फार तर 'हाफ' एवढंच मावतं. बाकी मराठी माणूस आजारपणाच्या बाबतीत शब्दांनी श्रीमंत आहे. त्याला आधी कसर वाटते, मग कणकण येते, मग अंग मोडून येतं, मग हुडहुडी भरते आणि शेवटी सणकून ताप चढतो. या पाच पायऱ्यांपैकी पहिल्या तिन्हींना जगातला कुठलाही डॉक्टर दाखला देत नाही आणि पाचवीवर माणूस दाखला आणायला जाऊ शकत नाही. हजेरीपटाला मात्र पाचही सारख्याच. दारू पिऊन पडलेला, मेहुणीच्या लग्नाला गेलेला, दुसऱ्या हॉटेलात पाचशे रुपये जास्त मिळतात का ते बघायला गेलेला आणि १०३ ताप अंगावर घेऊन घोंगडीखाली कुडकुडणारा, हे चौघेही लाल शाईतला एकच 'ए'. माझं सगळं भांडण या एका अक्षराशी आहे. आजारपण म्हणजे गैरहजेरी नव्हे; ज्या धंद्यात माणसं राबतात त्या धंद्याचा तो ठरलेला खर्च आहे, जनरेटरच्या डिझेलसारखा. लोणावळ्यात वीज जाणार हे गृहीत धरून डिझेल भरून ठेवतात. माणूस जाणार हे कुणी गृहीत धरत नाही.

कायद्याने ते गृहीत धरलं असेल, असा आपला समज असतो. तळेगाव एमआयडीसीत कामाला लागलेल्या पोराला विचारा, तो सांगेल की 'सिक लीव्ह तर कायद्यातच असते ना'. नसते. १९४८च्या कारखाने कायद्यात आजारी रजा नावाची वस्तू नव्हती. होती ती वार्षिक भरपगारी रजा: वर्षात २४० दिवस भरले की दर वीस दिवसांच्या कामामागे एक. २१ नोव्हेंबर २०२५ला केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या, त्यात २४०चे १८० झाले, पण आजारपणाला वेगळा रकाना त्यातही निघाला नाही. एमआयडीसीत जिथे आजारी रजा मिळते तिथे ती युनियनने करारात भांडून घेतलेली असते, नाहीतर कंपनीने आपल्या धोरणात घातलेली असते. कंत्राटदाराच्या माणसाला करार लागू नाही आणि धोरण वाचायला मिळत नाही. तरी जुन्या कायद्याच्या ७९व्या कलमात एक माणुसकीची ओळ होती. रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा असा नियम सांगून झाल्यावर कलम लिहिणाऱ्याला कुठेतरी शंका आली असावी, आणि त्याने पुढे जोडलं की शिल्लक रजा आजारपणासाठी हवी असेल तर अर्ज वेळेत आला नाही तरी ती द्यावी. डेंग्यूचा डास पंधरा दिवस आधी कळवून चावत नाही, हे सरकारी कागदावर मान्य झाल्याचं हे दुर्मिळ उदाहरण आहे.

हॉटेलं, दुकानं आणि चिक्कीवाले यांना कारखान्यांचा कायदा सहसा लागत नाही. त्यांच्यासाठी २०१७चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम. दहा किंवा जास्त माणसं असतील तर वर्षाला आठ दिवस भरपगारी किरकोळ रजा. ही रजा तिमाहीच्या हिशेबाने खात्यावर जमा होते, म्हणजे तीन महिन्यांना दोन, आणि वापरली नाही तर वर्षाअखेर बुडते. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. थंडीताप, जुलाब, डेंग्यू ही मंडळीही पर्यटकांबरोबर त्याच सीझनला येतात. आता जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत खात्यावर नवे दिवस दोन. तेवढ्यात आजार आटपत असेल तर उत्तम. जानेवारीतल्या कोरड्या, गुलाबी, निरोगी हवेतही दोन मिळतात, त्यांचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. आणि हे झालं दहा माणसांच्या दुकानाचं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा आकडा वीसवर नेण्यास मान्यता दिली. आता लोणावळ्याच्या बाजारपेठेतून चालत जावं आणि गल्ल्यावरच्या शेठसकट वीस माणसं कुठल्या दुकानात भरतात ते मोजावं. निपाणी-बेळगावात काय चालतं? कर्नाटकच्या १९६१च्या दुकान कायद्यात आजारपण, अपघात किंवा तशाच सबळ कारणासाठी वर्षाला बारा दिवसांची भरपगारी रजा आहे. सीमाप्रश्नावर इतकी भाषणं झाली, पण हा मुद्दा आपल्याकडच्या कुणी काढला नाही, आणि का काढला नाही ते उघड आहे.

आता रजा नाही म्हटल्यावर पगार कापला जाणार. कापण्याचंही एक शास्त्र असतं, हे लोणावळ्याला वेगळं सांगायला नको. गुळाचा पाक कढईतून दाण्यांसकट तूप लावलेल्या ओट्यावर पडला की तो गरम असेतोवर लाटून त्याच्यावर सुरी फिरवावी लागते. दोन मिनिटं उशीर झाला की चिक्की कापली जात नाही, फुटते. पगाराचं याच्या उलट आहे. तो थंड डोक्याने कापावा, असं १९३६च्या वेतन प्रदान कायद्याने सांगितलं आणि तीच कलमं थोड्याफार फरकाने आता वेतन संहितेत आली आहेत. सूत्र सोपं आहे: माणूस जेवढा वेळ गैरहजर, तेवढ्याच प्रमाणात कपात, त्याहून एक पैसा जास्त नाही. महिन्याला १५,६०० रुपये आणि कामाचे दिवस २६, तर एका खाड्याचे ६०० गेले. कायद्याला हे मान्य आहे, कारण तो कामाच्या दिवसांशी प्रमाण लावतो. पण याच माणसाला ओव्हरटाइम द्यायची वेळ आली की त्याच हिशेबनिसाच्या कॅल्क्युलेटरवर महिन्याचे दिवस एकदम तीस होतात आणि दिवसाची किंमत ५२० वर येते. एकाच माणसाचा एकच दिवस, न आला तर सहाशेचा आणि जास्त राबला तर पाचशे वीसचा. गणित या विषयात आपल्याकडे मुलं मागे पडतात अशी ओरड असते. पगारपत्रकं बघितली तर तसं वाटत नाही.

पुढची करामत लेट मार्कची. तीन लेट मार्कला अर्धा दिवस, हा नियम मावळात इतका रुजलाय की तो संविधानात असावा अशी अनेकांची समजूत आहे. कामशेतहून येणाऱ्या माणसाची लोकल तीन वेळा दहा-दहा मिनिटं रखडली, म्हणजे तो अर्धा तास गैरहजर होता. कापले चार तास. प्रमाणाचं सूत्र लावलं तर उरलेल्या साडेतीन तासांच्या पैशाला नाव काय? दंड म्हणावं तर दंडाचे नियम निराळे आहेत. कशाकशाला दंड होईल त्याची यादी मंजूर करून लावलेली हवी, माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, दंड त्या महिन्याच्या पगाराच्या तीन टक्क्यांवर जाता कामा नये, त्याची वहीत नोंद हवी आणि सगळ्यांत मजेची गोष्ट म्हणजे तो पैसा मालकाच्या खिशात न जाता कामगारांच्याच हिताच्या कामी खर्च व्हायला हवा. या शेवटच्या अटीचा महिमा असा, की ती वाचून दाखवली तर निम्मे दंड जागच्या जागी माफ होतील. तिसरा प्रकार सँडविचचा. साप्ताहिक सुट्टी मंगळवारी. माणूस सोमवारी आणि बुधवारी तापाने पडून होता, तर मंगळवारही त्याच्या नावावर गैरहजर म्हणून लागतो. दोन पावांच्या मध्ये तोही खाल्ला जातो. अहो, मंगळवारी त्याला कामावर बोलावलंच नव्हतं. ज्या दिवशी यायचंच नव्हतं त्या दिवशी तो गैरहजर कसा राहिला? जुन्या कारखाने कायद्यात तर स्पष्ट लिहिलं होतं की रजेच्या मध्ये किंवा दोन्ही टोकांना येणाऱ्या सुट्ट्या रजेत धरायच्या नाहीत. सँडविच हा पदार्थ तेव्हाही मिळत होता; कायदा करणाऱ्यांना तो ठाऊक असावा.

यावर कुणी म्हणेल, की एवढं रडायला काय झालं, ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा योजना, आहे की. आहे, आणि तिची मूळ कल्पना तर मावळच्या मातीतली वाटावी अशी. अंताजी दामोदर काळ्यांनी गावोगाव हिंडून माणशी एकेक पैसा गोळा केला, टिळकांनी पाठबळ दिलं आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावात काचेचा कारखाना निघाला. सगळ्यांनी थोडं थोडं घालायचं आणि एकट्याला न झेपणारं काम उभं करायचं. १९४४ साली प्रा. बी. पी. आडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला, तेव्हा केंद्रात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. १९४८ला कायदा झाला. आजमितीला पगाराचा पाऊण टक्का कामगाराने आणि सव्वातीन टक्के मालकाने भरायचे. आपल्या १५,६००वाल्याचे महिन्याला ११७ रुपये जातात, मालकाचे ५०७. बदल्यात औषधपाणी, आणि आजारपणात सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. मोठ्या दुखण्यात या योजनेने अनेकांचे संसार तारले आहेत, हे मोकळेपणाने कबूल करायला हवं. गोची होते ती लहान दुखण्यात, कारण पहिले दोन दिवस पैसे मिळत नाहीत. आपला माणूस तीन दिवस तापला. पगारातून सहाशेप्रमाणे अठराशे गेले. ईएसआयने दोन दिवस सोडून तिसऱ्याचे, ५२०च्या ७० टक्क्यांनी, ३६४ दिले. उरलेल्या १,४३६ रुपयांचा ताप त्याचा त्याने काढायचा. हां, पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर ते दोन दिवस माफ असतात. दुसऱ्या दुखण्यावर सूट देणारी ही बहुधा एकमेव योजना. रुग्णालयात दाखवायचं तर मोठं रुग्णालय चिंचवडला, मोहननगरात. तीनशे चौसष्ट रुपयांच्या कागदासाठी तापलेल्या अंगाने लोकलमध्ये उभं राहून जाऊन येण्याइतका जो धडधाकट आहे, तो आजारी कसा, असा प्रश्न मग ऑफिसात विचारला जातो.

म्हणून माणूस काय करतो? कामावर येतो. आणि इथे आपला संबंध सुरू होतो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०११च्या परवाना नियमांची चौथी अनुसूची सांगते की संसर्गजन्य आजार असलेल्या माणसाला अन्न हाताळायच्या जागी येऊ देऊ नये. वर्षातून एकदा सगळ्यांची वैद्यकीय तपासणीही करावी. बहुतेक भटारखान्यांत हे नियम भिंतीवर चिकटवलेले असतात, फोडणीच्या धुराने पिवळे झालेले. याचा अर्थ असा होतो, की कायदा एका हाताने तापलेल्या माणसाला 'आत येऊ नकोस' म्हणतो आणि दुसऱ्या हाताने 'आला नाहीस तर सहाशे कापू' म्हणतो. दोन्ही हात एकाच सरकारचे. या दोन वाक्यांच्या मध्ये अडकलेला माणूस दोन क्रोसिन घेतो, रुमाल नाकाला बांधतो आणि तुमच्या मिसळीवर फरसाण घालतो. घरी राहून त्याचे जे सहाशे बुडाले असते ते वाचतात आणि त्याची किंमत टेबलावरची चार माणसं पुढच्या आठवड्यात आपापल्या ऑफिसातल्या भरपगारी सिक लीव्हमधून चुकवतात. म्हणजे लोणावळ्यातल्या आजारी रजेचा खर्च कुणीतरी करतंच आहे. फक्त तो पुण्या-मुंबईच्या कंपन्या करताहेत, आणि त्यांना ते माहीत नाही. भूतदया, पुरोगामीपणा वगैरे सगळं बाजूला ठेवा. निव्वळ गल्ल्यावर बसून हिशेब केला, तरी वाढप्याला दोन दिवस पैसे देऊन घरी झोपवणं अख्ख्या स्टाफला ताप येण्यापेक्षा स्वस्त पडतं.

मालकांची बाजू आहे आणि ती ऐकण्यासारखी आहे. पहिली तक्रार, लोक खोटं बोलतात. जुलैमध्ये मावळात भाताची आवणी सुरू झाली की सगळ्या गावांना एकाच दिवशी थंडीताप येतो, आणि शेवटच्या खाचरात इंद्रायणीची रोपं लागली की त्याच दिवशी उतरतो. खरं आहे. आज्या तर आपल्याकडे प्रत्येक नोकरीत सरासरी दोन-तीन वेळा वारतात. पण जरा विचार करा, हा माणूस आवणीला आवणी का म्हणत नाही? कारण आवणीला रजा नाही. भरपगारी रजा मागायची तर पंधरा दिवस आधी अर्ज, आणि मावळचा पाऊस पंधरा दिवस आधी तारीख कळवत नाही. खरं बोलण्याला जिथे रकाना नसतो तिथे माणूस जवळच्यात जवळच्या खोट्यात जाऊन बसतो. तापाला रकाना नाही म्हणून तो आजीला मारतो, आवणीला रकाना नाही म्हणून ताप आणतो. पहिल्या दोन दिवसांचे पैसे न देण्याची युक्तीही असल्या लबाडीला चाप म्हणूनच आलेली, आणि तिने झालं काय? दोन दिवसांत बरा होणारा बाराव्या तासाला परत येऊन सगळ्यांना खोकला वाटतो, आणि दोन दिवस तसेही बुडालेच म्हणणारा आठवडा काढतो. सगळ्यांनी मिळून खोटं बोलू नये याचीही व्यवस्था आहे. दहा जणांनी संगनमताने, नोटीस न देता दांडी मारली तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापायची मुभा १९३६च्या वेतन प्रदान कायद्यात होती, आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तो संप धरला जातो. तेव्हा एखाद्या शुक्रवारी स्टाफच्या डब्यातलं अंडा-करीचं पातेलं नासलं आणि शनिवारी निम्मं हॉटेल झोपलं, तर आम्ही संपावर नसून संडासात आहोत, हे सिद्ध करायची तयारी ठेवावी.

दुसरी तक्रार जास्त वजनदार आहे. 'आमचं चार माणसांचं दुकान. एक आजारी पडला तर त्याचे पैसेही द्यायचे आणि बदलीचेही? आम्ही स्वतः तापात गल्ल्यावर बसतो, आमची आजारी रजा कुणी द्यायची?' याला उत्तर देताना टोमणे मारून चालणार नाही. चार माणसांच्या दुकानाला एकट्याने हा भार झेपणार नाही हे खरंच आहे, आणि नेमकं म्हणूनच पैसा फंड लागतो. ज्याला एकट्याला परवडत नाही त्याच्यासाठीच विमा असतो. आपण मात्र नियम उलटा केला. मोठ्या आस्थापनेला कायदा लावला, विमा लावला, आणि दहाच्या आतल्यांना दोन्हींतून सूट देऊन टाकली. सूट मालकाला मिळाली आणि बिल कामगाराला. त्याच्याही पलीकडे बंगल्यांचे केअरटेकर आहेत. तुंगार्लीपासून खंडाळ्यापर्यंत वर्षातले तीनशे दिवस रिकाम्या असणाऱ्या बंगल्यांत एकेक माणूस राहतो. माळी, वॉचमन, स्वयंपाकी आणि कुत्र्याचा पालक, सगळं एकाच अंगावर. घर म्हणजे आस्थापना नव्हे, त्यामुळे दुकान कायदा नाही. एकटाच, त्यामुळे ईएसआय नाही. घरकाम करणाऱ्यांसाठी २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण मंडळाकडे नाव नोंदवलं म्हणून आजारी रजा मिळत नाही. त्याला ताप आला तर मुंबईच्या शेठना कळायलाच तीन शनिवार लागतात.

इथे नारायण मेघाजी लोखंड्यांची आठवण निघणं भाग आहे. त्यांनी गिरणी कामगारांसाठी भांडून १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवली. तेव्हाही गिरणीमालकांचं म्हणणं हेच असणार की धंदा बुडेल. तो रविवार आज भुशी धरणाच्या रस्त्यावर किलोमीटरभर गाड्यांच्या रांगेत उभा दिसतो. लोखंड्यांनी मिळवून दिलेल्या सुट्टीवर अख्खं लोणावळा चालतं, आणि लोणावळ्यातल्या वेटरला तेवढा रविवार कधी मिळत नाही. त्याबद्दल त्याची तक्रारही नसते. त्याला मंगळवार चालतो. फक्त मंगळवारी ताप आला तर तो सुट्टीत गेला आणि बुधवारी आला तर पगारात गेला, एवढंच.

ज्यांना आजारपण हा प्रकारच थोतांड वाटतो त्यांच्यासाठी एक दाखला देतो. माणसाच्या आजाराला रकाना नसला तरी कंपनीच्या आजाराला होता. १९८५ साली आजारी औद्योगिक कंपन्यांसाठी खास कायदा झाला. कंपनी आजारी ठरली की तिच्या उशाशी मंडळ बसायचं, घेणेकऱ्यांना दाराबाहेर थांबवायचं, वसुलीचे दावे स्थगित व्हायचे. तो कायदा २०१६च्या अखेरीस गेला आणि दिवाळखोरी संहिता आली. तिच्यातही अर्ज दाखल करून घेतला गेला की १८० दिवस आणि लागलेच तर आणखी ९० दिवस कंपनीच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. तिला 'आत्ताच आजारी पडायचं सुचलं का, सीझन चालू आहे' असं कुणी म्हणत नाही. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली कामगारांचा आजारविमा आणला, आणि आज तिथला मालक पहिले सहा आठवडे पुरा पगार देतो; सत्तर टक्क्यांचा आकडा त्यानंतर विमा निधीकडून सुरू होतो. आपल्याकडे सत्तर टक्के दोन दिवसांनंतर सुरू होतात. जर्मन माणूस आपल्यापेक्षा प्रामाणिक असतो असं समजायचं कारण नाही. त्याच्या हजेरीपटावर एक रकाना जास्त आहे.

तेव्हा मावळातल्या मालकांकडे मागणं फार मोठं नाही. हजेरीपट छापून घेताना आणखी एक अक्षर छापा. मराठीत 'ता' लिहिलं तरी चालेल. कपात करायची तर २६ने भागा, पण मग ओव्हरटाइमलाही २६नेच भागा. लेट मार्क मिनिटांत मोजा. मंगळवारला मंगळवार राहू द्या. आणि वाचकहो, तुम्ही येत्या पावसाळ्यात लोणावळ्याला येणारच आहात, बहुधा सोमवारी, पोटातली कळ घेऊन. नाक पुसत चहा आणणारा कुणी दिसला तर 'बरं नाही तर सुट्टी का नाही घेतली' असं त्याला विचारू नका. ते गल्ल्यावर विचारा, आणि बिल देण्याआधी विचारा.